आल्प्समधल्या शांत गावात पहिली स्की-सुट्टी : आखणी कशी करायची

मोठ्या स्की-रिसॉर्टमध्ये आखणी थोडी ढिली असली तरी निभावतं. एका दुकानात मापाचे बूट नसले तर समोर दुसरं दुकान असतं, स्की-शाळेची सकाळची तुकडी भरली तर दुपारची असते. दोन-चारशे वस्तीच्या गावात तसं नसतं. स्की भाड्याने देणारं दुकान एक, किराणा एक, शिकवणारे मोजके, आणि खाली दरीत जाणारी केबल कार ठरल्या वेळी बंद. पण सकाळी उतारावर आपण आणि इनमिन दहा माणसं, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टला रांग नाही, मागून सुसाट येणाऱ्यांची धास्ती नाही. पहिल्यांदा शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण. मात्र ऐनवेळी काहीतरी जमवू, हा भरवसा इथे कामाचा नाही. म्हणून कामं ज्या क्रमाने करायला हवीत, त्याच क्रमाने खाली लिहितो आहे.

१. गाव निवडताना आधी सोपा उतार शोधा

बहुतेक जण फोटो पाहून गाव ठरवतात. बर्फाने झाकलेली लाकडी घरं सगळीकडेच सुंदर दिसतात, त्यावरून काही कळत नाही. गावाच्या संकेतस्थळावर स्कीमार्गांचा नकाशा असतो, तो उघडा आणि तीन गोष्टी पाहा.

पहिली, अगदी नवशिक्यांसाठीचा सपाटसा उतार कुठे आहे. तो गावातच असेल तर उत्तम. वर दुसऱ्या स्टेशनावर असेल, तर रोज सगळं सामान घेऊन केबल कारने वर जावं लागेल आणि दमल्यावर खोलीवर परतणं तितकंच लांबेल.

दुसरी, त्या उतारानंतर जायला सोपे मार्ग किती आहेत. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटलीत निळा म्हणजे सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. नकाशावर बहुतेक रेघा लाल-काळ्या असतील तर तिसऱ्या दिवसापासून तुम्ही त्याच एका उतारावर घिरट्या घालत बसाल.

तिसरी गोष्ट म्हणजे उंची. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे बाराशे मीटरवरच्या गावात पाऊस पडत असताना अठराशे मीटरवर बर्फ पडू शकतो. सोपा उतार सहसा गावाजवळ, म्हणजे सर्वांत खाली असतो, आणि बर्फ आधी तिथलाच वितळतो. म्हणून डोंगराचं टोक किती उंच आहे यापेक्षा गाव किती उंचीवर आहे ते पाहा. पहिल्या खेपेला मी तरी सतराशे-अठराशे मीटरच्या खालचं गाव सुचवणार नाही.

काही नावं सांगतो. स्वित्झर्लंडमधलं बेटमरआल्प सुमारे १,९५० मीटरवर, दक्षिणेकडे तोंड केलेल्या पठारावर आहे. मोटारींना बंदी, खालच्या बेटन स्टेशनवरून केबल कारने जायचं. उतार मवाळ आहेत, आणि वरच्या कड्यावरून आल्प्समधली सर्वांत मोठी हिमनदी, आलेच, दिसते. नवशिक्यासाठी माझी पहिली पसंती हीच. इटलीच्या आओस्ता खोऱ्यातलं शामुआ सुमारे १,८०० मीटरवर आहे. तिथेही मोटार जात नाही, ब्युसॉनवरून केबल कार आहे. फ्रान्सच्या ओत-मोरिएन भागातलं बोनव्हाल-सुर-आर्क जवळपास तेवढ्याच उंचीवरचं, दगडी घरांचं जुनं गाव. स्वित्झर्लंडचं म्युरेन देखणं आहे, तिथेही गाड्या नाहीत, पण शिल्टहॉर्न डोंगराचे वरचे उतार चांगलेच तीव्र आहेत. थोडं स्की येऊ लागलं की तिथे जा. वेंगेनमध्ये सोपा उतार गावाच्या मधोमध आहे, ही मोठीच सोय. मात्र गाव जेमतेम १,२७५ मीटरवर, आणि जानेवारीच्या मध्यात तिथे लाउबरहॉर्नची जगप्रसिद्ध स्की-शर्यत होते. त्या दिवसांत शांतता विसरा.

इथे एक सापळा आहे. ‘शांत गावं’ शोधताना ऑस्ट्रियाच्या ‘बेर्गश्टायगरडॉर्फ’ (गिर्यारोहकांचं गाव) उपक्रमातली गावं हमखास पुढे येतात. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबने २००८ साली सुरू केलेला हा उपक्रम आहे आणि गावंही खरोखर सुरेख आहेत. पण मोठ्या लिफ्ट नसणं हेच तिथलं वैशिष्ट्य. बरेच लोक तिथे पायी डोंगर चढून मग स्कीने उतरायला येतात. ओट्स खोऱ्यातल्या फेंटसारख्या गावात छोटा स्की-परिसर आहे, बाकी अनेक ठिकाणी तेवढाही नाही. नकाशात लिफ्ट मोजल्याशिवाय बुकिंग करू नका.

२. आठवडा ठरवा

नाताळ ते ६ जानेवारी हा काळ टाळा. सगळीकडे गर्दी आणि दर चढे. फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समधल्या शाळांना तीन विभागांत, आलटून पालटून सुट्ट्या असतात. तेव्हा फ्रान्समधली छोटी गावंसुद्धा भरतात. राहतात दोन चांगले काळ. ६ जानेवारीनंतरचा जानेवारी आणि फ्रान्सच्या सुट्ट्या संपल्यावरचा मार्च.

दोहोंत फरक आहे. जानेवारीत बर्फ कोरडा आणि भरवशाचा, पण थंडी कडक, दिवस लहान. मार्चमध्ये ऊन छान, दिवस मोठा. मात्र सकाळी बर्फ घट्ट गोठलेला असतो आणि दुपारनंतर ओला, जड होतो. ओल्या बर्फात वळताना नवशिक्याचे गुडघे बोलू लागतात. थंडी सोसणार असेल तर जानेवारी घ्या, नाहीतर मार्चमध्ये उंचावरचं गाव. डिसेंबरचा पूर्वार्ध स्वस्त दिसतो, पण छोट्या गावांत तेव्हा काही लिफ्ट फक्त शनिवार-रविवारी चालतात.

३. मुक्काम

अनेक ठिकाणी घरं शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने मिळतात, आणि स्की-शाळेचे गट-वर्ग रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात. मधल्या वारी पोहोचलात तर वर्ग अर्धा होऊन गेलेला असतो. त्यामुळे आधी शाळेची तारीख विचारा, मग घर बुक करा आणि विमानाचं तिकीट सर्वांत शेवटी.

घरमालकाला किंवा हॉटेलला हे प्रश्न लिहून विचारा: लिफ्टपर्यंत चालत किती वेळ लागतो आणि वाट चढाची आहे का? स्की-बूट वाळवायची गरम खोली आहे का? चादरी-टॉवेल आणि शेवटच्या दिवशीची सफाई भाड्यात धरली आहे का? स्थानिक पर्यटक-कर वेगळा किती? हा कर बहुधा माणशी, दर रात्रीचा असतो. त्याच्या बदल्यात काही गावांत पाहुण्यांना एक कार्ड मिळतं आणि त्यावर बस फुकट असते; ते मागून घ्या. बूट वाळवायची सोय ही चैन समजू नका. रात्रभर ओले राहिलेले बूट सकाळी दगडासारखे होतात आणि पाय आत जाता जात नाही.

स्वतः स्वयंपाक करणार असाल तर किराणा दुकानाच्या वेळा आधीच पाहा. छोट्या गावांत दुपारी दुकान बंद असतं, रविवारी तर बऱ्याच ठिकाणी उघडतच नाही. शनिवारी संध्याकाळी उशिरा पोहोचणाऱ्याने पहिल्या दोन जेवणांची तरतूद दरीतल्या मोठ्या गावातूनच करून वर जावं.

४. कागदपत्रे आणि विमा

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागणाऱ्यांनी ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहायचं आहे त्याच देशाकडे अर्ज करावा. रात्री सारख्याच असतील तर जिथून प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. तेवढ्यावर आणू नका. हिवाळ्याच्या सुट्ट्यांआधी भेटीची वेळ मिळणंच अवघड होतं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तोच व्हिसा चालतो. चलन मात्र स्विस फ्रँक.

सोबत हे ठेवा, छापील प्रतीसह:

- पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचं तिकीट
- मुक्कामाचं बुकिंग, त्यावर पूर्ण पत्ता
- विम्याची पॉलिसी आणि तातडीचा दूरध्वनी क्रमांक
- स्की-शाळा, भाड्याचं साहित्य आणि लिफ्टचा पास यांच्या पावत्या
- गाडी चालवणार असाल तर मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना
- रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी

विम्याकडे नीट लक्ष द्या, कारण सर्वांत महागडी चूक इथेच होते. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि बहुतेक जण तेवढी अट पुरी करणारी साधी पॉलिसी घेऊन मोकळे होतात. त्या पॉलिसीत स्कीइंग वगळलेलं असू शकतं. पॉलिसीचा मजकूर उघडून ‘हिवाळी खेळ’ समाविष्ट आहेत का, डोंगरावरून सुटका आणि हेलिकॉप्टरचा खर्च मिळतो का, उंचीची काही मर्यादा आहे का, हे वाचा. तुमच्या धडकेने दुसऱ्याला दुखापत झाली तर लागणारं दायित्वाचं संरक्षणही हवंच. इटलीत १ जानेवारी २०२२ पासून पिस्टवर, म्हणजे आखलेल्या स्कीमार्गांवर, असा विमा असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे पासबरोबर दिवसापुरता विकतही मिळतो.

५. पोहोचायचं कसं

मोटारबंदी असलेल्या गावांना रेल्वे आणि केबल कार हाच रस्ता. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वे, बस आणि केबल कार यांची वेळापत्रकं एकमेकांना जुळवलेली असतात, त्यामुळे शेवटच्या स्टेशनपर्यंतचा प्रवास एकदम पाहता येतो. शेवटची केबल कार किती वाजता सुटते ते लिहून ठेवा आणि विमान उतरण्याची वेळ त्यावरून ठरवा. विमानतळ ते गाव हा प्रवास तीन-चार तासांचा सहज होतो. दुपारनंतर उतरणारं विमान असेल तर पहिली रात्र खाली दरीत काढायची तयारी ठेवा.

गाडीच घ्यायची असेल तर नियम ठाऊक हवेत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल किंवा पाणी गोठलेलं असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. फ्रान्सच्या ठरावीक डोंगरी भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर किंवा टायरवर चढवायच्या साखळ्या लागतात. बर्फाच्या घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर सरळ रेल्वेने जा.

६. कपडे

बर्फात पडणं ठरलेलंच आहे, त्यामुळे कपडे ओले होणार हे धरून चाला. अंगाला लागून लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट आणि स्की-पँट. सुती बनियन किंवा जीन्स अजिबात नको. सूत घाम धरून ठेवतं आणि लिफ्टवर बसल्या बसल्या अंग गारठतं. हातमोजे जलरोधक आणि दोन जोड. चष्मा वापरत असाल तर तो आत मावेल असा गॉगल शोधा. ढगाळ दिवसासाठी फिकट काचेचा गॉगल घ्या, कारण ढगात उतारावरचे खळगे दिसेनासे होतात.

उन्हाला हलकं लेखू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लावा.

जाकीट-पँट एका सुट्टीसाठी विकत घेऊ नका, भाड्याने किंवा उसनी मिळतात का पाहा. पायमोजे आणि हातमोजे मात्र स्वतःचे घ्या.

७. बूट, स्की आणि हेल्मेट

भाड्याच्या दुकानात आधीच आरक्षण करा. तिथे तुमची उंची, वजन, वय आणि अनुभव विचारतात, कारण पडल्यावर बूट किती जोराने स्कीतून सुटावा हे त्यावरून बसवतात. लाजून वजन कमी सांगितलंत तर स्की नको तेव्हा सुटेल. जास्त सांगितलंत तर पडताना सुटणार नाही आणि गुडघा पिळवटेल.

बूट निवडायला अर्धा तास द्या. माप सेंटिमीटरमध्ये असतं, २६.५ म्हणजे तेवढ्या लांबीचं पाऊल. पातळ, लांब पायमोज्याचा एकच जोड घाला. दोन घातले तर सुरकुत्या पडतात आणि पाय आणखी गार पडतो. आतल्या पँटचा काठ बुटात खोचू नका, फक्त मोजा आत जाऊ द्या. पाय आत सरकवा, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा, मग खटके लावा: वरचे आधी, पंजावरचे नंतर आणि सैलसर. आता ताठ उभे राहा. बोटं पुढे टेकायला हवीत. गुडघे पुढे वाकवा, नडगी बुटाच्या जिभेवर दाबा. बोटं किंचित मागे सरकायला हवीत आणि टाच जागची हलता कामा नये. असं झालं की माप बरोबर. नवखे लोक आरामदायी वाटतो म्हणून एक माप मोठा बूट घेतात, मग पाय आत हलतो, स्की ऐकत नाही आणि सगळा भार मांड्यांवर येतो. बूट घालून दुकानातच दहा मिनिटं फिरा. कुठे बोचलं तर तिथल्या तिथे बदला. उतारावर गेल्यावर बोचणं वाढतच जातं.

स्की हनुवटी ते नाक एवढ्या उंचीच्या पुरतात. हेल्मेट घ्याच. इटलीत २०२५-२६ च्या हंगामापासून ते सगळ्या वयांना सक्तीचं आहे. बाकीकडे सक्ती असो वा नसो, डोकं सगळीकडे एकच.

८. शाळा आणि पास

मित्र शिकवेल, व्हिडिओ पाहून जमेल, हे बोलणं कानाआड करा. निदान तीन दिवस शाळेत जा. छोट्या गावात इंग्रजीतून शिकवणारे शिक्षक कमी असतात, म्हणून बुकिंग करतानाच भाषा नक्की करून घ्या. शांत आठवड्यात गटात दोघं-तिघंच असण्याची शक्यता असते, तेव्हा गटाच्या पैशांत जवळजवळ खासगी शिकवणी मिळते. उलट, किमान संख्या न भरल्यास वर्गाचे तास कमी होतात. ही अटही विचारून ठेवा.

संपूर्ण परिसराचा सहा दिवसांचा पास पहिल्या दिवशी काढू नका. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही एका उतारावरच असणार. तेवढ्यापुरता नवशिक्यांचा पास किंवा फेऱ्यांचं कार्ड मिळतं, आणि फ्रान्समध्ये कित्येक ठिकाणी नवशिक्यांच्या काही लिफ्ट फुकट असतात. शाळेलाच विचारा, कोणता पास लागेल.

९. पहिले दोन दिवस उतारावर

सुरुवात सरकत्या पट्ट्यावर होते. त्यावर फक्त उभं राहायचं. मग येते ओढ-लिफ्ट, म्हणजे तारेला लटकणारी काठी किंवा उलट्या टी आकाराचा दांडा. तो मागून मांड्यांना टेकतो. त्यावर बसायचं नाही. बसलात की दोरी लांबते आणि तुम्ही बर्फात. गुडघे किंचित वाकवून उभे राहा, स्की समांतर ठेवा आणि ओढू द्या. पडलात तर दांडा सोडून ताबडतोब वाटेतून बाजूला व्हा, मागचा माणूस येतच असतो. चेअरलिफ्टवर बसताना पाठीवरची सॅक पुढे घ्या, पट्टे कुठे अडकत नाहीत ना ते पाहा.

नियम सगळीकडे एकच आहेत, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा. त्यांतले तीन पाठ करा. पुढच्या माणसाचा हक्क आधी, मागून येणाऱ्याने वाट काढायची. अरुंद जागी किंवा वळणाआड थांबायचं नाही, पडलात तर लवकर बाजूला व्हायचं. आणि थांबून पुन्हा निघताना वर नजर टाकायची.

पहिल्या दिवशी अडीच-तीन तास पुरेत. बहुतेक पडापड दमलेल्या पायांनी दुपारी होते, तेव्हा ‘आता एक शेवटची फेरी’ मनात आली की तिथेच थांबा आणि लिफ्टने खाली या. लिफ्टने उतरण्यात काहीही कमीपणा नाही, मात्र शेवटची लिफ्ट किती वाजता ते पाहून ठेवा. हिवाळ्यात ती चारच्या सुमारास बंद होते.

लिफ्ट बंद झाल्यावर उतारावर थांबू नका. त्यानंतर बर्फ सपाट करणारी यंत्रं फिरतात आणि तीव्र उतारावर ती पोलादी तारेने वर बांधलेली असतात. ताणलेली ती तार अंधारात दिसत नाही आणि झटक्यात इकडून तिकडे सरकते. तिला धडकून माणसं दगावली आहेत.

१०. हिमस्खलन आणि अपघात

हिमस्खलनाच्या धोक्याच्या १ ते ५ अशा पायऱ्या आहेत आणि युरोपभर त्या १९९३ पासून सारख्याच आहेत. रोजचा आकडा लिफ्टच्या तिकीटघराशी लावलेला असतो. तीन हा आकडा मधला दिसतो म्हणून फसू नका, तो गंभीर आहे. नवशिक्याने खांबांनी आखलेल्या पिस्टच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, बाजूला कोणाच्या स्कीचे ठसे कितीही मोहक दिसले तरी. पिस्ट बंद असल्याची दोरी लावली असेल तर तिच्याखालून वाकून जायचं नाही.

कोणी जखमी झालं तर आधी त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की एकमेकींत फुलीसारख्या रोवा, म्हणजे वरून येणाऱ्यांना कळेल. मग मदतीला फोन. ११२ हा क्रमांक आल्प्सच्या सगळ्या देशांत चालतो. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बचावदल रेगाचा १४१४, ऑस्ट्रियात डोंगरी बचावाचा १४०. पिस्टच्या कडेच्या खांबांवर तिचं नाव किंवा क्रमांक आणि खांबाचा क्रमांक असतो. तोच सांगा, मदत नेमकी तिथे येते. फोनला रेंज नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा हाका, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तरादाखल मिनिटाला तीन ऐकू आल्या म्हणजे कोणाला तरी कळलं आहे. जखमी माणसाचा बूट मदत येईपर्यंत काढू नका, त्याला तुमचं जाकीट पांघरा. फोन थंडीत लवकर मान टाकतो, तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा.